प्लास्टिक मॉडेल चिकटवताना या चुका टाळा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मॉडेलचं सिमेंट म्हणजे गोंद नाही. ते प्लास्टिक विरघळवतं. किटचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं, सिमेंट लागलं की दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यातला सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, उडून गेला की तिथे अखंड प्लास्टिक तयार होतं. एवढं कळलं तरी निम्म्या चुका बंद होतात.

रंगवलेल्या पार्टला सिमेंट लावायचं आणि मग धरतच नाही म्हणायचं, हे तर कायमचंच. अहो धरणार कसं, मध्ये रंगाचा थर आहे ना! जोडाच्या जागेवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा, क्रोमचा पार्ट असेल तर क्रोमसुद्धा.

पातळ सिमेंट ट्यूबमधल्या घट्ट सिमेंटसारखं आधी लावून ठेवू नका, पार्ट जुळवेपर्यंत ते उडून जातं. पार्ट कोरडेच जुळवून धरा, ब्रश बाटलीच्या काठावर निथळा आणि टोक फक्त फटीला टेकवा, सिमेंट आपोआप फटीतून सरसर आत पळतं, मला तर हे बघायला दरवेळी तितकंच आवडतं. पण बोट फटीवर असेल तर ते बोटाखालीही शिरतं आणि विमानाच्या पंखावर बोटाचा अख्खा ठसा उमटतो, रेषा न् रेषा. माझ्याकडून एकदा झालंय आणि मी घाबरून लगेच पुसलं, तीच खरी चूक, कारण मऊ झालेलं प्लास्टिक पुसलं की फरफटतं. हात लावू नका, एक दिवस सुकू द्या, मग 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. मास्किंग टेपखालीही सिमेंट असंच पळतं, टेप फटीवरून आडवी लावली असेल तर तेवढी जागा सोडून सिमेंट लावा.

सीम, म्हणजे जोडाची रेघ, घासायची घाई नको, निदान 24 तास थांबा. आत ओलं असताना घासलं तर नंतर ते आकसतं आणि रंग दिल्यावर बारीक खोलगट रेघ दिसते. सुपरग्लूने फट भरली असेल तर मात्र उलटं, तासाभरात घासा, नंतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो.

रेझिन आणि धातूच्या पार्टना सुपरग्लूसारखा गोंद लागतो, सिमेंट तिथे काही करत नाही. पण कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू नकोच, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते, तिथे पांढरा पीव्हीए गम वापरा. मॉडेलवर सांडलेला सुपरग्लू अ‍ॅसिटोनने काढायला जाऊ नका, पार्टच विरघळेल.

प्लास्टिक कुठलं आहे याची शंका असेल तर स्प्रूवर, म्हणजे पार्ट ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, सिमेंटचा एक थेंब टाकून बघा. मऊ, चिकट झालं तर काम होईल. काहीच झालं नाही तर तो पार्ट सिमेंटचा नाही.