हाऊस-टेक्नोचं लेबल काढायचंय? आधी कागद करा

लातूर, परभणी, नांदेडची पोरं मला सारखी विचारायलेत की घरी लॅपटॉपवर हाऊस-टेक्नोचे (मशीनच्या बीटवरचं नाचायचं संगीत) ट्रॅक बनवतो, आता स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी बाहेर काढणारी कंपनी, कशी काढायची. नाव, लोगो, इन्स्टा सगळं रेडी असतं पण करार एकाकडंही नसतो. दुसऱ्याचं गाणं आपल्या नावाखाली काढायचं म्हणजे त्याचा हिशोब वर्षानुवर्षं आपल्याकडं येतो बघा.

पहिलं म्हणजे आवाज ठरवा. आपल्याकडं डीजे म्हणलं की वरातच डोळ्यासमोर येते, तो बाजार वेगळा. 122-124 बीपीएमचं (मिनिटाला तेवढे ठोके) मऊ हाऊस का 140 चं जड टेक्नो, एक धरा आणि पहिले तीन-चार रिलीज त्याच घरातले वाटू द्या. अमेरिकेत डेट्रॉईटमध्ये टेक्नो सुरू करणाऱ्यांपैकी एक हुआन अ‍ॅटकिन्स, त्यानं 1985 ला मेट्रोप्लेक्स हे लेबल काढलं ते स्वतःची गाणी बाहेर काढायलाच, तुम्हीपण पहिला रिलीज स्वतःचा करा, चुका आपल्या मालावर झालेल्या बऱ्या.

आता करार, आणि इथं घाई करूच नका. मित्रच आहे म्हणून तोंडी ठरवायचं नाही. कॉपीराइट कायद्यानं हक्क द्यायचा तर लेखी लागतो, सहीसकट. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि आपलं गिऱ्हाईक तर बर्लिन-लंडनला बसलेलं, मग तो कागद काय कामाचा, म्हणून ‘जगभर’ हा शब्द आठवणीनं टाका. माझं मत विचाराल तर मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, विकत घेऊच नका, ते कलाकाराचंच राहू द्या, तुम्ही 3 ते 5 वर्षांचं एक्स्क्लुझिव्ह लायसन्स (तेवढ्या मुदतीत ते फक्त तुम्हीच काढायचं) घ्या, खर्च वजा जाता निम्मं-निम्मं. आणि खर्च म्हणजे कोणता, मास्टरिंग (तयार मिक्सचा आवाज शेवटचा नीट करणं), कव्हर, अजून काय, जास्तीत जास्त किती, हे आकड्यात लिहा, भांडणं तिथंच होतात.

संबळ, हलगी रेकॉर्ड करणार असाल तर वाजवणाऱ्याचापण कागद करा. मी तुळजापूरकडच्या एका काकांचा संबळ रेकॉर्ड केला, पैसे दिले आणि विसरलो. ट्रॅक निघाल्यावर त्यांच्या मुलानं विचारलं, आमच्या बाबांचं नाव कुठंय? मला लई वाईट वाटलं. सगळीकडं क्रेडिट बदलून घेतलं, हिस्सा लिहून दिला. वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात 50 वर्षं आहे, मेहरबानी नाही ती. जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचा असला तर रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि चाल-शब्दांचा वेगळा, दोन्हीकडून परवानगी पाहिजे.

फाईल 24 बिट वेव्ह (एमपी3 सारखी दाबलेली नाही) मागा, मिक्समध्ये सगळ्यात मोठ्या आवाजाच्या वर 6 डीबी (डेसिबल) जागा सोडलेली, आणि मास्टरिंग ज्यानं ट्रॅक बनवला त्याच्याकडून नको, दुसरे कान पाहिजेत. सुरुवातीला आणि शेवटी 16 किंवा 32 बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता बीट असू द्या, नाहीतर डीजे मिक्स कसा करणार. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल. प्रत्येक रेकॉर्डिंगला 12 अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी, म्हणजे ओळखीचा कोड, लागतो, रिमिक्सला वेगळा, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच (गाणी ऑनलाइन दुकानांत पोचवणारी कंपनी) देतो, पण एका शीटमध्ये स्वतः उतरवून ठेवा कारण उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड परत द्यायचाय.

विक्रीला बँडकॅम्प या वेबसाइटपासून सुरू करा, डिजिटलवर ते 15 टक्के कापतात पण विकत घेणारा माणूस तिथंच भेटतो. बीटपोर्ट (डीजेंचं ऑनलाइन गाण्यांचं दुकान), स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून. चार आठवडे आधी अपलोड करा, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पिच (आमचं गाणं घ्या अशी विनंती) निदान 7 दिवस आधी जायला पाहिजे, आणि त्याच काळात तुमच्या आवाजाशी जुळणाऱ्या वीस-तीस डीजेंना प्रायव्हेट लिंक पाठवा, नाव घेऊन, एकेकाला, ढीगभर सीसी करून नाही. व्हिनाइल आत्ताच नको, शेकड्यानं छापावी लागते आणि पैसा अडकतो.

दर सहा महिन्याला प्रत्येक कलाकाराला हिशोबाचा मेल गेलाच पाहिजे. दोनशे रुपये आले तर दोनशे, काहीच आलं नाही तर शून्य लिहून पाठवा.