तोलाची जोडी: माइनक्राफ्टमध्ये घोड्यांची पैदास पिढी-दर-पिढी कशी सुधारावी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणकार भोवरे बघतो, दात बघतो आणि शेवटी चालवून बघतो. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधल्या घोड्याला भोवरे नसतात, दातही नसतात. तिथं फक्त चाल बघायची. रंगावर तर मुळीच जायचं नाही, कारण माळावर भेटणाऱ्या एका कळपातले सगळे घोडे एकाच रंगाचे असतात, अंगावरच्या खुणा तेवढ्या वेगळ्या. त्याच कळपात एखादा गाढवाच्या चालीचा निघतो आणि एखादा वाऱ्यासारखा.

खाली दिलेले आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे आहेत, १.१९.४ किंवा त्यानंतरच्या. मार्च २०२३ मध्ये आलेल्या या बदलाने पैदाशीचं गणितच पालटलं. त्याआधी शिंगराचा गुण म्हणजे आई, बाप आणि खेळाने मनाने काढलेला एक तिसरा घोडा या तिघांची सरासरी असायची. त्यामुळे जोडी कितीही चांगली असली तरी तो तिसरा घोडा पिढीला मागे ओढायचा. जुन्या व्हिडिओंमधले सल्ले त्या काळचे आहेत, ते आता लागू पडत नाहीत.

घोड्यात बघायचं काय

गुण तीनच: वेग, उडी आणि जीव. वेग सेकंदाला ४.७४ ब्लॉकपासून १४.२३ ब्लॉकपर्यंत असतो (ब्लॉक म्हणजे खेळातला एक ठोकळा, तेच अंतराचं माप). आपण स्वतः पळतो तेव्हा ५.६ पडतो, म्हणजे सगळ्यात मंद घोडा आपल्यापेक्षाही हळू. उडी साधारण १.१ ब्लॉकपासून ५.३ पर्यंत. जीव साडेसात हृदयांपासून १५ हृदयांपर्यंत. नर-मादी असा भेद खेळात नाही, कुठलेही दोन घोडे जुळतात. नात्याचीही अडचण नाही. गावाकडे वळू दर काही वर्षांनी बदलावा लागतो, तसं इथं नाही. भावंडं, आई-लेक कुणाचीही जोडी लावा, खेळ नातं लक्षातच ठेवत नाही.

घोडे सपाट गवताळ माळावर आणि सवानात मिळतात. निदान १२ तरी धरा. जंगली घोड्यांचा वेग बहुतेक ९ ते १० च्या आसपास असतो. ११ च्या वरचा साधारण सहांत एक निघतो, आणि १२ च्या वरचा सोळा-सतरांत एक. चार घोड्यांवर पैदास सुरू केली तर पहिल्या दोन पिढ्या नुसत्या खड्डा भरण्यात जातात.

माणसाळवायला रिकाम्या हाताने वर बसा. तो पाडेल, पुन्हा बसा, अंगातून हृदयं निघाली की झाला आपला. अधूनमधून साखर किंवा गहू चारला तर फेऱ्या कमी होतात. सोनेरी गाजर मात्र इथं वाया घालवू नका. चालवायला खोगीर लागतं. जून २०२५ च्या अपडेटपासून ३ चामडी आणि १ लोखंडी विटेत ते बनवता येतं. त्याआधीच्या आवृत्तीत पेट्या शोधत हिंडावं लागतं. घोडे घरी आणायला दावं लावा. त्याच अपडेटपासून दाव्याला ५ दोऱ्या पुरतात, चिकट गोळ्याची गरज उरलेली नाही.

मोजमाप

सगळं काम इथं आहे. अंदाजाने निवडलेल्या जोड्या पाच पिढ्यांनंतरही जिथल्या तिथं असतात, कारण ११.५ आणि १२.५ मधला फरक डोळ्याला दिसत नाही.

वेगासाठी २०० ब्लॉकची सरळ, सपाट धाव आखा. पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण अशीच, म्हणजे स्क्रीनवरचे निर्देशांक बघून सुरुवात आणि शेवट नेमका ठरवता येतो. दोन्ही टोकांना रंगीत लोकरीचा पट्टा टाका. घोड्याला १० ब्लॉक मागून पळवत आणा आणि पट्ट्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच दाबा. २०० ला लागलेल्या सेकंदांनी भागलं की वेग मिळतो. २१ सेकंद म्हणजे साडेनऊ, १८.२ म्हणजे ११, १५.४ म्हणजे १३, आणि १४ सेकंदांच्या जरा वर आला तर तो छताला टेकला. १०० ब्लॉकची धाव घेऊ नका. बोट दोन दशांश सेकंद चुकलं तर वरच्या वेगात जवळजवळ अर्ध्या ब्लॉकचा घोळ होतो, आणि एका पिढीत मिळणारी सुधारणा तेवढीच असते. तीन धावा घ्या, मधली लिहा. वाटेत पाणी नको, आणि संगणक अडखळत असेल तर ती धाव सोडून द्या.

उडीसाठी ओळीने बुरूज बांधा: २, २.५, ३, ३.५, ४, ४.५ आणि ५ ब्लॉक उंचीचे. अर्ध्यासाठी स्लॅब, म्हणजे अर्ध्या उंचीचा ठोकळा, वापरा. उडीची पट्टी भरायला अर्धा सेकंद लागतो, भरल्याक्षणी बटण सोडा. बरेच जण जास्त जोर लागेल म्हणून धरून ठेवतात. तसं केलं की पट्टी खाली येते आणि चांगला घोडाही ४ चा बुरूज चुकतो. वर पाय टेकला तरच ती उंची धरायची.

जीव वर बसल्यावर खाली दिसतो. घोडा जखमी असेल तर भरलेली नव्हे, सगळी हृदयं मोजा.

प्रत्येक घोड्याची नोंद वहीत करा: क्रमांक, पिढी, आई-बाप, तीन आकडे. खेळात ओळख पटावी म्हणून नेम टॅग, म्हणजे नावाची पट्टी, चांगला. ७ चामड्यांचं चामडी चिलखत रंगवून घातलं तरी काम भागतं. पहिल्या पिढीला लाल, दुसरीला निळं, असा रंग ठरवा. शिंगरांना चिलखत बसत नाही, म्हणून त्यांना मोठं होईपर्यंत आई-बापाच्या बाजूच्या वाड्यात वेगळं ठेवा. दहा शिंगरं एकात मिसळली की नोंद गेली म्हणून समजा.

जोडी लावताना

दोन्ही घोडे माणसाळलेले, वयात आलेले आणि पूर्ण जिवाचे हवेत. पाठीवर कुणी बसलेलं नको. जखमी घोडा सोनेरी गाजर खातो, त्याच्याभोवती हृदयंही दिसतात, पण जुळत नाही. गाजरं संपेपर्यंत कारण कळत नाही असं होतं ते यामुळे. आधी गव्हाच्या पेंढ्यांचा एक गठ्ठा चारा, त्याने १० हृदयं भरून येतात. दोघं ८ ब्लॉकच्या आत असावेत. गाजराचा परिणाम ३० सेकंद टिकतो, म्हणून ४×४ चं छोटं कुंपण घालून त्यातच जोडी बंद करावी. शिंगरू लगेच जन्मतं. त्याच जोडीला पुढच्या वेळेसाठी ५ मिनिटं थांबावं लागतं.

गायीला चालतो तो गहू घोड्याला पैदाशीसाठी चालत नाही. सोनेरी गाजर किंवा सोनेरी सफरचंदच लागतं. गाजराला सोन्याच्या ८ कणिका लागतात, सफरचंदाला ८ विटा. ९ कणिकांची एक वीट, म्हणजे सफरचंद नऊपट महाग, आणि शिंगरात त्याने काडीचाही फरक पडत नाही. एका पिढीत ६ शिंगरं धरली तर १२ गाजरं, ९६ कणिका, म्हणजे १० विटा आणि ६ कणिका. नेदरमधल्या (खेळातल्या पाताळातल्या) सोन्याच्या खडकातून थेट कणिकाच मिळतात, एकातून २ ते ६, आणि त्याला साधी लाकडी कुदळही चालते. पिगलिन, म्हणजे तिथले डुकरासारखे जीव, आसपास असतील तर अंगावर एक तरी सोन्याचं चिलखत घाला, आणि तरीही त्यांच्यासमोर तो खडक फोडू नका, ते धावून येतात.

गणित

शिंगराचा प्रत्येक गुण वेगळा ठरतो. मध्य म्हणजे आई-बापाची सरासरी. पसारा मात्र दोघांतल्या फरकावर ठरतो: शिंगरू जास्तीत जास्त चांगल्या पालकापेक्षा पल्ल्याच्या (त्या गुणाच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतल्या अंतराच्या) १५ टक्के वर जाऊ शकतं आणि वाईटात वाईट कमी पालकापेक्षा तेवढंच खाली. वेगात हे १५ टक्के म्हणजे १.४२ ब्लॉक, उडीत साधारण अर्धा ते पाऊण ब्लॉक, जिवात एका हृदयाहून जरासं जास्त. पण आकडा तीन फाशांच्या सरासरीने पडतो, त्यामुळे बहुतेक शिंगरं मध्याजवळच राहतात आणि टोकं क्वचित सापडतात.

यातूनच जोडीचा नियम निघतो. १२ आणि १२ ची जोडी लावली तर निम्मी शिंगरं १२ च्या वर निघतात. १३ आणि १० ची लावली तर १३ च्या वर जाणारं शिंगरू पंधरांत एखादं. म्हणून जोडी तोलाची लावा. सगळ्यात वेगवान घोडा हाताशी आहे म्हणून त्याला प्रत्येकाशी जुळवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने कळपाची सरासरी वाढते खरी, पण नवा उच्चांक येत नाही.

अडचण तीन गुणांची आहे. तोलाच्या जोडीतही वेग, उडी आणि जीव तिन्ही सरस असलेलं शिंगरू आठांत एकच. त्यामुळे आधी वेग आणि उडीवर निवड करा, जीव शेवटी. समजा तीन घोडे आहेत. पहिला वेग १२, उडी ३.५, हृदयं ११. दुसरा ११.६, ३.५ आणि १२. तिसरा १३, २ आणि १४. मुख्य वंश पहिल्या-दुसऱ्याचा चालवा. तिसऱ्याचा वेग सोडवत नाही, पण त्याची उडी वंशात शिरली तर ती काढायला दोन-तीन पिढ्या जातात. त्याला पहिल्याशी एकदाच लावा, ६ शिंगरं घ्या, त्यांतलं १२.५ च्या वर आणि उडी ३ च्या वर असं एखादं सापडलं तर ते मुख्य वंशातल्या तोलाच्या घोड्याशी जुळवा. बाकीची पाचही बाजूला. देवणी किंवा लाल कंधारी गुरं सांभाळणारा माणूस बाहेरचं रक्त जसं जपून घालतो, तसंच हे.

नुसत्या वेगासाठी दर पिढीला ६ शिंगरं आणि त्यांतली सर्वांत चांगली २ असं चालवलं, तर ११ वरून साडेतेरावर यायला साधारण पाच-सहा पिढ्या लागतात. छताजवळ एक गोष्ट ध्यानात ठेवा: १४.२३ च्या पुढे जाणारा आकडा तितकाच मागे परततो. म्हणून दोन्ही पालक अगदी टोकाचे असले तरी शिंगरं सरासरी १३.८ च्या आसपास येतात. तिथं पोचलात की वेग सोडा आणि उरलेल्या पिढ्या उडी आणि जिवावर लावा.

शिंगरू वाढवणं

मोठं व्हायला २० मिनिटं लागतात. ही मिनिटं तुम्ही जवळ असतानाच मोजली जातात. लांब खाणीत गेलात तर वाड्यातला काळ थांबतो. खाटेवर झोपल्याने रात्र सरते, शिंगराचं वय वाढत नाही.

चारून वय वाढवता येतं. गहू २० सेकंद, साखर ३०, सफरचंद आणि सोनेरी गाजर १ मिनिट, पेंढ्यांचा गठ्ठा ३ मिनिटं. गठ्ठ्यात ९ गहू असतात, म्हणजे हिशेब सुट्या गव्हाइतकाच, फक्त हात कमी चालवावा लागतो: ७ गठ्ठ्यांत शिंगरू जागेवर मोठं. सगळ्यात स्वस्त साखर. एका उसाची एक साखर, ४० उसांत एक शिंगरू तयार, आणि ऊस पाण्याकाठी लावला की आपोआप वाढतो. इथं ना तोडणीच्या टोळीची वाट बघायची, ना कारखान्याच्या तारखेची.

आई-बाप माणसाळलेले असले तरी शिंगरू रानटीच जन्मतं. मोठं झाल्यावर त्याला बसून माणसाळवावंच लागतं, आणि ते केल्याशिवाय मोजमाप होत नाही. गाढवाशी जुळवून खेचर काढायचं असेल तर ते वंशाबाहेर काढा. १५ खणांची पेटी ते वाहून नेतं, पण त्याला पिल्लू होत नाही.

रंग

हौस असेल तर शेवटी. रंग ७, खुणा ५, मिळून ३५ प्रकार. शिंगराचा रंग नऊपैकी ४ वेळा आईचा, ४ वेळा बापाचा, एकदा कुठलाही. खूण पाचपैकी २ वेळा एकाची, २ वेळा दुसऱ्याची, एकदा कुठलीही. दोन्ही पालक बिनखुणेचे काळे असतील तर तसंच शिंगरू चारांत तीनदा मिळतं. अबलख हवा असेल आणि वंशात ठिपके नसतील, तर ठिपक्यांचा जंगली घोडा वेगाने तोलाचा असेपर्यंत शोधत राहा. हळू असेल तर माळावरच सोडा.

दर पिढीनंतर खेळ थांबवा, म्हणजे जग जतन होतं. जगाच्या यादीत 'एडिट'मध्ये जाऊन बॅकअपचं बटणही दाबा. लाइट नेमकी सहाव्या पिढीला जाते, आणि पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या बॅकअपमधून तोच कळप परत उभा करता येतो. वही मात्र कागदाचीच ठेवा.