ब्लॅकजॅक स्पर्धेत पैज लावताना या चुका टाळा

ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ, त्यात पानांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणाऱ्यापेक्षा, जास्त ठेवायची असते. कॅसिनोच्या नेहमीच्या टेबलावर खेळाडूचा सामना या डीलरशी असतो. स्पर्धेत तो शेजारी बसलेल्यांशी असतो, कारण ठरलेले डाव संपल्यावर ज्याच्याकडे सर्वाधिक चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) असतात तोच पुढच्या फेरीत जातो. हा फरक सगळ्यांनाच मान्य असतो, पण ऐन वेळी जुनी सवय आडवी येते आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आघाडीवर असताना किमान पैज लावून स्वस्थ बसणे. समजा, शेवटचा डाव आहे, एकच जण पुढे जाणार आहे, तुमच्याकडे १२०० चिप्स आहेत, प्रतिस्पर्ध्याकडे १०००, कमाल पैज ५०० आहे आणि त्याने आधीच ५०० लावले आहेत. तुम्ही १० लावलेत, तर तो जिंकताच १५०० वर जातो आणि तुम्ही जिंकूनही १२१० वरच अडकता. त्याच्याइतकेच ५०० लावलेत, तर दोघेही जिंकल्यास १७०० विरुद्ध १५०० आणि दोघेही हरल्यास ७०० विरुद्ध ५०० असा हिशेब राहतो. दोघांसमोर डीलर एकच असल्यामुळे निकालही बरेचदा एकाच बाजूने लागतात, म्हणून बरोबरीची पैज आघाडी राखते.

नेमक्या याच कारणाने, मागे असलेल्याने पुढच्याची नक्कल करू नये. वरच्याच उदाहरणात १२०० वाल्याने आधी ५०० लावले, तर १००० वाल्याने २९० लावावेत. दोघेही हरले तरी ७१० विरुद्ध ७०० असा तो पुढे निघतो. खेळाडू साधारणपणे १०० पैकी सुमारे ४८ डाव हरतो, हे लक्षात घेतले तर या छोट्या पैजेचे मोल कळते. घाबरून सगळे पणाला लावणाऱ्यांना ही संधी दिसतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पाने खेळतानाही तोच विचार हवा. प्रतिस्पर्ध्याचे १५०० पक्के झाले आहेत, तुमच्याजवळ पैजेसह १२०० आहेत आणि पैज २०० ची आहे, तर नुसते जिंकून १४०० च होतील. अशा वेळी पानांची बेरीज १७ असली तरी डबल डाउन, म्हणजे पैज दुप्पट करून फक्त एकच पान घेणे, हेच योग्य, कारण २१ ओलांडून डाव हरण्याची भीती इथे निरर्थक आहे.

पैज लावण्याचा क्रम दर डावाला पुढे सरकतो, त्यामुळे शेवटच्या डावात सर्वांत शेवटी पैज कोण लावणार हे पाच-सहा डाव आधीच मोजून ठेवावे आणि तेव्हापासून सगळ्यांच्या चिप्सवर नजर ठेवावी. एलिमिनेशन पद्धतीत तर इतकी वाट पाहणेही घातक ठरते. अमेरिकेत २००६ साली सीबीएस वाहिनीवर दाखवलेल्या अल्टिमेट ब्लॅकजॅक टूरमध्ये ८ व्या, १६ व्या आणि २५ व्या डावानंतर सर्वांत कमी चिप्स असलेला खेळाडू बाद होत असे. तिथे सातव्या डावालाच आपल्या खाली कोण आहे आणि किती चिप्सनी, हे तोंडपाठ असावे लागते.