बायसेप्सचं शॉर्ट हेड: मी अडकले, तुम्ही अडकू नका

फर्स्ट इयरच्या अॅनाटॉमी व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी मांडीच्या मागच्या स्नायूंबद्दल, म्हणजे हॅमस्ट्रिंगबद्दल, विचारलं, "हॅमस्ट्रिंगची नर्व्ह?" मी म्हणाले, "सायटिकचा टिबियल भाग." (सायटिक ही मांडीच्या मागून उतरणारी जाड नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू; तिचे दोन भाग, टिबियल आणि कॉमन पेरोनियल.) "सगळ्यांची?" मी ठामपणे हो म्हणाले. सरांनी फीमर, म्हणजे मांडीचं हाड, हातात दिलं. "बायसेप्सचं शॉर्ट हेड कुठून निघतं?" (हा दंडातला नाही, मांडीमागचा बायसेप्स; त्याला लाँग आणि शॉर्ट अशी दोन डोकी.) मी म्हणाले, "इश्चियल ट्युबरॉसिटी," म्हणजे बसताना टेकतं ते हाड. पुढचा प्रश्न आलाच नाही.

सेमीटेंडिनोसस, सेमीमेम्ब्रेनोसस आणि बायसेप्सचं लाँग हेड इश्चियल ट्युबरॉसिटीवरून निघतात. तिघांनाही टिबियल. शॉर्ट हेड मात्र फीमरच्या लिनिया अॅस्पेरावरून (हाडाच्या मागच्या खडबडीत कडेवरून) निघतं. ते हिपचा सांधा ओलांडतच नाही, म्हणून खरं हॅमस्ट्रिंगच नाही आणि त्याची नर्व्ह कॉमन पेरोनियल. स्नायूचं नाव एक, पण दोन डोकी दोन वेगळ्या नर्व्हची. नाव बघून नर्व्ह सांगाल तर फसाल. आधी ओरिजिन सांगा, मग नर्व्ह. मांडीच्या आतल्या बाजूच्या अॅडक्टर मॅग्नसचंही असंच: हॅमस्ट्रिंग भागाला टिबियल, उरलेल्याला ऑब्ट्युरेटर ही वेगळीच नर्व्ह.

सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्समध्ये "हॅमस्ट्रिंग = टिबियल" एवढीच ओळ होती आणि मी तीच पाठ केली होती. असल्या निमॉनिकवर (पाठांतराच्या युक्तीवर) माझा आजही विश्वास नाही. मला हे खरं समजलं ते डिसेक्शन हॉलमध्ये, एका ज्युनियर मॅडममुळे. एप्रिलचा सोलापुरी उन्हाळा, फॉर्मालिननं डोळे चुरचुरत होते, तरी त्या टेबलापासून हलल्या नाहीत. "सायटिकच्या बाहेरच्या कडेनं जा," म्हणाल्या. हॅमस्ट्रिंगच्या फांद्या आतल्या कडेनं सुटतात, बाहेरून सुटते ती फक्त शॉर्ट हेडची. ती एक फांदी चिमट्यानं उचलून बघितली आणि पुन्हा कधी विसरले नाही.

पहिल्या वाचनात हे डोक्यात बसत नाही, कुणाच्याच नाही. घाबरू नका. पण हाड हातात न घेता व्हायवाला जाऊ नका, सरळ सांगते.

इंटर्नशिपमध्ये विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या. तासन्‌तास मांडी घालून काम. चालताना पाऊल लोंबायचं, चप्पल निसटायची. फूट ड्रॉप. दोष फिब्युलाच्या (गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाच्या) मानेशी, जिथून कॉमन पेरोनियल वळते, की वर सायटिकमध्ये? शॉर्ट हेडची फांदी गुडघ्याच्या वरच सुटते, म्हणून ईएमजीत (स्नायूच्या विद्युत तपासणीत) सुई शॉर्ट हेडमध्ये टोचतात. तिथे बिघाड दिसला तर दोष वर. मावशींचं शॉर्ट हेड नॉर्मल निघालं, आणि बाकीच्या तपासणीतही बोट फिब्युलाच्या मानेकडेच गेलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी पाटावर पाय सोडून विड्या वळू लागल्या.