पंचाहत्तर दिवसांचा पुरावा

कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात लॅटिनो शेतमजुरांच्या मुलांना मी गेली सहा वर्षं संध्याकाळी गणित शिकवते. इथे नव्याने आलेली आपली मंडळी विचारतात, आम्हालाही यात काही करता येईल का? नक्की येईल. पहिली दोन वर्षं मी मुलांच्या वह्याच तपासत राहिले. आधी घरातल्या पगाराच्या चिठ्ठ्या बघायला हव्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

या कुटुंबांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जुन्या योजना आहेत. शाळेतल्या मुलांसाठी स्थलांतरित शिक्षण कार्यक्रम १९६६ पासून आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या, १६ वर्षांवरच्या कोणालाही ‘हेप’मधून (हायस्कूल इक्विव्हलन्सी प्रोग्रॅम) बारावीच्या तोडीची परीक्षा देता येते, तीही स्पॅनिशमधून. ‘कॅम्प’ (कॉलेज असिस्टन्स मायग्रंट प्रोग्रॅम) १९७२ पासून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हात देतो. त्यात पैसे, शिकवणी, आणि अडल्यावर हक्काने विचारायला एक माणूस मिळतो. माझ्या मते हा माणूसच सगळ्यात मोलाचा, कारण पहिल्या सहामाहीत घरी परतणारी मुलं मी पाहिली आहेत.

हेप आणि कॅम्प दोन्हींत गेल्या २४ महिन्यांत विद्यार्थ्याने किंवा आईवडिलांनी किमान ७५ दिवस शेतमजुरी केल्याचा पुरावा लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण वडिलांनी चिठ्ठ्या जपल्याच नव्हत्या. तारखा विचारल्या तर ते पिकं सांगायचे: लेट्यूस संपेपर्यंत सलिनास, मग थंडीत अॅरिझोनातलं युमा, परत आल्यावर स्ट्रॉबेरी. पिकांवरून महिने काढत आम्ही तीन रविवार बसलो, तरी कागद जमेना. शेवटी तिच्या शाळेतल्या स्थलांतरित कार्यक्रमाचं पात्रता-पत्र सापडलं. ७५ दिवसांऐवजी तेही चालतं, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारा, ‘गेल्या ३६ महिन्यांत शेतीच्या कामासाठी मुक्काम हलवलात का?’ हलवला असेल, तर शाळेतून ते पत्र आधी करून घ्या. ३ ते २१ वयाच्या, बारावी न झालेल्या मुलांना ते मिळू शकतं.

व्हिसा, नागरिकत्व याबद्दल पहिल्या भेटीत अवाक्षर काढू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानुसार देशात राहण्याचे कायदेशीर कागद नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. हेप, कॅम्प आणि नोकरीचं प्रशिक्षण यांना कायदेशीर कागद लागतात, पण ते बोलणं विश्वास बसल्यावरचं. कागद नसलेल्या मुलांना कॅलिफोर्नियात कॉलेजसाठी राज्याची मदत मिळू शकते, हेही तेव्हाच सांगा.

स्पॅनिश शिकाच, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून आलेल्या कित्येक बायांची भाषा मिश्तेक किंवा त्रिकी, म्हणजे तिथली आदिवासी भाषा असते. मी स्पॅनिशमधून फॉर्म समजावला, बाईंनी मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात फॉर्म कोराच परत आला. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या बाईपुढे आपण मराठी अर्ज ठेवतो, तेव्हा तीही अशीच मान डोलावत असेल, हे त्या दिवशी मनाला लागलं.

आईवडिलांनाही विसरू नका. वाकून वाकून चाळिशीतच कंबर गेलेले वडील मी पाहते. कामगार खात्याच्या शेतमजूर रोजगार कार्यक्रमातून ट्रक चालवण्याचा परवाना, वेल्डिंग असं शिकता येतं, आणि पात्र मजुराच्या कुटुंबीयांनाही त्याचा लाभ घेता येतो. पण वेळ बघा. एका केंद्राने ऐन तोडणीच्या दिवसांत दुपारी दोनचा वर्ग ठेवला होता, आणि पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही. मायोर्दोमो, म्हणजे आपला मुकादम, त्या वेळी कोणाला सोडणार?

मुक्काम हलवायला निघालेल्या पालकांना मी होसे हर्नांडेझची गोष्ट सांगते. शेतमजुरांचा हा मुलगा २००९ मध्ये अंतराळात गेला. तो लहान असताना ‘एका जागी राहा’ असं त्याच्या आईवडिलांना विनवणारी एक शिक्षिका होती. सगळ्यांना थांबणं परवडत नाही, म्हणून थांबा असा आग्रह मी धरत नाही. ऑक्टोबरात, युमाची गाडी भरण्याआधी, मी घरोघर जाते. मुलांच्या गुणपत्रिका आणि पगाराच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालते, आणि ती पिशवी आईच्या हातात देते.