चीनचे आकडे वापरताना

बडोद्यात बसून चीनच्या शहरांवर प्रबंध लिहायचा, तर पहिली चूक तुलनेत होते. चिनी ‘शहर’ म्हणजे बहुधा जिल्हाच: आत तालुके, शेतं, खेडी. म्हणून ते आपल्या महानगरपालिकेशी नव्हे, वडोदरा जिल्ह्याशी ताडून पाहा. छोंगछिंग तर सुमारे 82,400 चौरस किलोमीटरचं आहे. त्याला ‘जगातलं सर्वात मोठं शहर’ म्हणणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा.

मग लोकसंख्या. तक्त्याचं शीर्षक नीट वाचा: आकडा प्रत्यक्ष राहणाऱ्यांचा की हुकोऊ, म्हणजे सरकारी रहिवास-नोंद, असलेल्यांचा? 2020 च्या जनगणनेत शेनझेनमध्ये सुमारे 1 कोटी 75 लाख लोक होते. निम्म्याहून अधिक जणांचा हुकोऊ बाहेरचा. दरडोई उत्पन्न काढताना भागाकारात हुकोऊवाल्यांचीच संख्या घेतली, की शहर कागदावर दुपटीहून श्रीमंत होतं. छेद कुठला घेतलात ते तळटीपेत लिहाच.

सांख्यिकी वार्षिकीच्या, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या सरकारी आकडेवारीच्या ग्रंथाच्या, नावावरचं वर्ष फसवतं. 2021 च्या अंकात वर्षभराचे आकडे 2020 पर्यंतचे असतात. एककंही पाहा: ‘वान’ म्हणजे 10 हजार, ‘यी’ म्हणजे 10 कोटी.

आणि जुने अंक फेकू नका; छापलेले आकडे मागाहून सुधारले जातात. 2004 च्या आर्थिक गणनेनंतर त्या वर्षाचं देशांतर्गत उत्पादन 16.8 टक्क्यांनी वर सरकलं. उद्योगांच्या तक्त्यांत तर 2011 पासून नोंद होण्यासाठी कारखान्याच्या वार्षिक उलाढालीची किमान अट 50 लाखांवरून 2 कोटी युआन झाली, त्यामुळे कारखान्यांची संख्या एकदम घसरलेली दिसते. तिथे आलेखाची रेघ तोडा, जोडू नका.