मार्टिन व्हिसर यांच्या डेबेडची नवी खोळ: लांब शिवण पिळू न देता कशी घालावी

डच डिझायनर मार्टिन व्हिसर (1922–2009) यांनी 1960 मध्ये नेदरलँड्समधल्या बेर्गेइक गावच्या स्पेक्ट्रम या फर्निचर कारखान्यासाठी केलेला ‘बीआर 02’ हा डेबेड, म्हणजे दिवसा सोफा आणि रात्री पलंग. फर्निचर पोलादी नळ्यांचे आणि गादी सपाट, सरळ कडांची. नक्षी नाही, झालर नाही. म्हणून खोळीची शिवण कडेवरून अर्धा सेंटिमीटर जरी सरकली तरी नळीच्या सरळ रेघेशेजारी ती लगेच दिसते. खाली दिलेली पद्धत त्या काळच्या कोणत्याही डच डेबेडच्या सपाट गादीला चालते.

जुनी खोळ उसवून तिच्यावरून बेतू नका. ती वर्षानुवर्षे ताणलेली असते, तिच्या मापाने नवीही ढिली होईल. जुना फोम हातात भुगा होत असेल तर मास्क लावून काढा आणि टाकून द्या. खालचा आधार लोंबला असेल तर आधी तो ताठ करा. नव्या फोमने लोंबकळ लपत नाही.

फोम घनमीटरला 35 ते 40 किलो घनतेचा, हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर लगेच पूर्ववत होणारा घ्या. त्यावर पातळ पॉलिएस्टर वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ अस्तराचा) एक थर चिकटवा. कापड लोकरीचे, साधे, घट्ट विणीचे हवे. बेर्गेइकचीच दे प्लूख ही विणकरांची गिरणी होती. स्पेक्ट्रम 1941 मध्ये तिच्यातूनच उभे राहिले. तसे एकरंगी कापड या फर्निचरला शोभते, मोठी फुले नाहीत.

समजा, फोम 190 × 80 × 10 सेंमी आहे. तयार खोळ 188.5 × 79 ठेवा. ‘घालायला सोपे जावे म्हणून खोळ मोठी शिवा’ हा सल्ला ऐकू नका, त्याने पहिल्याच आठवड्यात सुरकुत्या पडतात. शिवणीसाठी सगळीकडे 1.5 सेंमी सोडून वरचा व खालचा तुकडा 191.5 × 82 कापा. पुढची पट्टी 329.5 × 13 ची, अखंड. मागे चेन येते, तिच्यासाठी 211.5 × 8 च्या दोन पट्ट्या. 140 सेंमी पन्ह्याचे 4 मीटर कापड पुरते, आणि सगळे तुकडे उभ्या धाग्यात बसतात. चेन बसवल्यावर मागची पट्टी 10 सेंमी उंच, म्हणजे शिवणीसह 13 झाली पाहिजे. मग दोन्ही पट्ट्या टोकांना जोडून वलय करा.

आता खरी अडचण. मशीनचे दात खालचे कापड पुढे ओढतात, वरचे मागे राहते. जवळजवळ दोन मीटरच्या शिवणीत हा फरक सहज एक-दोन सेंटिमीटर होतो. उरलेले शेवटी कापून टाकायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्याने पट्टी तिरपी होते, खालचा कोपरा वरच्या कोपऱ्याखाली येत नाही आणि सगळी गादी पिळल्यासारखी दिसते. एकदा कापले की परतीचा रस्ता नाही.

म्हणून मशीनवर बसण्याआधी पट्टीवर चारही कोपऱ्यांच्या खुणा करा. चेनची पट्टी मागच्या बाजूच्या मधोमध धरली की ती दोन्ही बाजूंना 10 सेंमी वळते. तिथल्या जोडापासून 69, मग 188.5, मग पुन्हा 69. प्रत्येक खूण काटकोन लावून पट्टीच्या वरच्या व खालच्या दोन्ही कडांना करा. ही एक गोष्ट टाळली की पुढे काहीच जमत नाही. खुणेपाशी कडेपासून 1.5 सेंमीवर बारीक टाक्यांची ओळ घाला, लोकर उसवत नाही. मग तिथेच 1.2 सेंमी कात्र द्या.

मोठा तुकडा खाली, पट्टी वर. आधी कोपरे टाचा, मग दर 5 सेंमीला टाचणी. प्रत्येक बाजू मधून सुरू करून कोपऱ्याकडे शिवा, म्हणजे सरकण्याची चूक एका टोकाला साचत नाही. वॉकिंग फूट, म्हणजे वरचे कापडही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय, असेल तर लावाच. 18 नंबरची सुई, जाड पॉलिएस्टर धागा, टाका 3.5 ते 4 मिमी. कोपऱ्यात कडेच्या 1.5 सेंमी आधी सुई कापडात रुतवून थांबा, पाय उचला, वळा. टोक अगदी काटकोनी करू नका, दोन टाके तिरपे घाला; उलटल्यावर कोपरा कानासारखा उभा राहत नाही. दुसरा तुकडा जोडताना चेन अर्धी उघडी ठेवा, नाहीतर खोळ उलटता येणार नाही.

उलटा, वाफ द्या. गादी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा, प्लॅस्टिक ओढून काढा. आधी दूरचे दोन कोपरे बसवा, मग जवळचे. पट्टीची शिवण फोमच्या कडेवर आली की नाही ते बोटाने चाचपून पाहा. आली नसेल तर चेन लावण्याआधीच हात आत घालून फोम सरकवा.